एर्लांगनमध्ये घरची बिअर: कस्टम्सचं पत्र, तीस लिटरची बादली आणि न लागलेलं सामान

2025 च्या फेब्रुवारीत मी आमच्या एर्लांगनच्या भाड्याच्या घरात पहिल्यांदा बिअर केली. त्याआधीचे तीन महिने मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती सामानाची. दुकानांच्या याद्या वाचल्या की वाटायचं, एवढं सगळं घेतल्याशिवाय सुरुवातच होणार नाही. आता वर्षभर नियमित बिअर केल्यावर कोणती वस्तू दर वेळी हातात येते आणि कोणती तळघरातल्या खोक्यात पडून राहते, हे नीट कळलंय. जे आज त्या याद्यांसमोर बसले असतील त्यांच्यासाठी हे लिहितेय.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगते. तिथे 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. हा अनुभव जर्मनीतला आहे. इथेही भट्टी लावून मद्य गाळणं घरी चालत नाही. फक्त आंबवलेली बिअर, तीही स्वतःच्या घरासाठी, विकायची नाही.

सुरुवात नोव्हेंबरमध्ये झाली. इथे गावोगावी फोल्क्सहोखशूले नावाची प्रौढशिक्षण केंद्रं असतात. तिथे भाषेच्या वर्गांपासून शिवणकामापर्यंत सगळं शिकवतात, आणि आमच्या फ्रांकोनिया भागात बिअरही. शनिवारचा दिवसभराचा वर्ग होता, फी जेवण धरून साठ-सत्तर युरो. वर्गात मोठी चकचकीत भांडी होती, पण शिकवणाऱ्या बाई सकाळपासून दोनच गोष्टींकडे लक्ष देत होत्या: थर्मामीटर आणि धुणं. भांड्यांबद्दल कोणी विचारलं तर त्या थोडक्यात उत्तर द्यायच्या, तापमानाबद्दल विचारलं की पाच मिनिटं बोलायच्या. तिथेच मला पहिल्यांदा अंदाज आला की दुकानांची यादी आणि बिअरची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग कागदपत्रं. जर्मनीत घरच्या बिअरला परवाना लागत नाही, पण सुरू करण्याआधी कस्टम्सला कळवावं लागतं, कारण बिअरवरचा कर तेच गोळा करतात. आपल्या भागाचं मुख्य कार्यालय, म्हणजे हाउप्टत्सोलाम्ट, कस्टम्सच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून सापडतं. ठरावीक फॉर्म भरायची गरज नाही, साधं पत्र पुरतं. मी 16 जानेवारीला ईमेल केला. त्यात नाव, पत्ता, बिअर कुठे करणार (स्वतःच्या घरचं स्वयंपाकघर), कधीपासून सुरू करणार आणि वर्षभरात अंदाजे किती लिटर होईल, एवढंच लिहिलं. मी 150 लिटर लिहिलं. 1 जानेवारी 2024 पासून घरगुती बिअरला वर्षाला 500 लिटरपर्यंत कर नाही. त्याआधी ही मर्यादा 200 लिटर होती. पैसे काही पडले नाहीत. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन ओळींचं उत्तर आलं, की माहिती नोंदवली आहे, विक्री करू नये. ते छापून फाइलमध्ये ठेवलं. पत्राला घाबरून कोणी थांबलं असेल तर थांबू नका, अख्ख्या प्रक्रियेतलं सगळ्यात सोपं काम तेच होतं.

घरमालकालाही मी आधी सांगितलं. कायद्याने ते लागत नाही, पण तास-सव्वा तास उकळताना दोन-तीन लिटर पाणी वाफ होऊन घरात पसरतं, आणि भिंतींना बुरशी येऊ नये म्हणून घरात हवा खेळती ठेवण्याची जबाबदारी इथे भाडेकरूची असते. खिडक्या पूर्ण उघड्या ठेवीन असं सांगितल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही.

सामान मला एकगठ्ठा मिळालं. क्लाइनआनत्साइगेन या जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर फोर्खहाइमजवळच्या एका गावातले निवृत्त गृहस्थ आपला सगळा संच विकत होते. गुडघ्यांमुळे जड भांडी उचलणं त्यांना जमेनासं झालं होतं. 220 युरोला ठरलं. त्यात आइनकोखर होता, म्हणजे फळं-भाज्या बरण्यांत भरून टिकवण्यासाठी जर्मन घरांत असतो तो विजेवरचा 29 लिटरचा डबा, खाली तोटी असलेला. 30 लिटरच्या दोन प्लास्टिकच्या बादल्या, एक 25 लिटरचा काचेचा फुगा, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भरडायची दोन रुळांची चक्की, स्टीलची गुंडाळी असलेला कूलर, रिफ्रॅक्टोमीटर आणि हायड्रोमीटर (दोन्ही द्रवातली साखर मोजायला), पीएचच्या पट्ट्या, आयोडीनची बाटली, बुचं बसवायचं यंत्र आणि आणखी किती तरी.

गाडीत भरताना त्यांनी एक छोटं खोकं वेगळं काढलं. त्यात थर्मामीटर, हायड्रोमीटर, बाटल्या घासायचा ब्रश आणि बाटली भरायची प्लास्टिकची नळी. म्हणाले, "हे मागच्या सीटवर ठेवा, बाकीचं डिकीत जाऊ द्या. हे हरवलं तर तुमचं काम अडेल. बाकीच्या प्रत्येक गोष्टीला काही ना काही पर्याय आहे." वर्षभरानंतर त्या खोक्यात मी फक्त एकाच वस्तूची भर घालीन. ती पुढे सांगते.

22 फेब्रुवारी, शनिवार. पहिली बिअर वाइसबिअर, म्हणजे गव्हाची बिअर, करायची ठरवली, कारण तिचं यीस्ट साधारण खोलीच्या तापमानाला काम करतं. गव्हाचं माल्ट अडीच किलो, सातूचं पिल्सनर माल्ट दोन किलो. नाचणीचं सत्त्व करताना जसं मोड आणून वाळवतो, तसंच हे धान्य असतं. सोबत 25 ग्रॅम हालरटाउअर मिटलफ्र्यू जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि कोरड्या यीस्टचं एक पाकीट. सगळं मिळून 25 युरोच्या आसपास.

इथे चक्कीचा निकाल लागला. दुकानदार माल्ट भरडून देतात, जादा पैसे नाममात्र. भरडलेलं माल्ट कोरड्या जागी काही आठवडे छान राहतं. चक्की घरात चालवली की पिठाची धूळ सगळीकडे बसते, आणि त्या धुळीत आंबट करणारे जिवाणू असतात, जे बिअरच्या आसपास अजिबात नकोत. 25 किलोची पोती घेणाऱ्याला चक्की परवडते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा करणाऱ्याला ती नुसती जागा अडवते.

आइनकोखर मात्र सोनं निघाला. 16 लिटर पाणी तापवून त्यात माल्ट घातलं आणि 45 अंशांवर पंधरा मिनिटं, 63 वर चाळीस, 72 वर अर्धा तास असं चढवत नेलं. 45 च्या टप्प्यात वाइसबिअरच्या लवंगेसारख्या वासाची पूर्वतयारी होते, 63 ला यीस्टला खाता येईल अशी साखर तयार होते, 72 ला उरलेला स्टार्च फुटतो. 1800 वॉटचा डबा मिनिटाला साधारण एक अंश तापतो, म्हणजे घाई करताही येत नाही. फक्त त्याच्या खुंटीवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. ती पाच-सहा अंशांनी सहज चुकते, आणि 63 च्या जागी 69 झाले तर बिअर वेगळीच होते. म्हणून पंधरा युरोचा थर्मामीटर शेकडो युरोंच्या भांड्यापेक्षा महत्त्वाचा. तापवताना तळापर्यंत हलवत राहायचं, नाहीतर गव्हाचं माल्ट खाली लागतं. आणि डब्याभोवती कॅम्पिंगची फोमची चटई गुंडाळली की उकळी जोरदार राहते. झाकण मात्र उघडंच हवं, उकडलेल्या मक्यासारखा एक नकोसा वास वाफेबरोबर जायला पाहिजे.

गाळण्यासाठी लॉयटरहेक्से नावाची स्प्रिंगसारखी तारेची नळी होती, ती दुसऱ्या बादलीच्या तोटीला आतून बसते. गव्हाला टरफल नसल्यामुळे पाणी अडायची भीती असते, म्हणून तोटी अगदी हळू उघडली. नवी घ्यायची तर तीसेक युरो पडतात. ती नसेल तर बारीक जाळीची मोठी पिशवीही चालते, निथळायला थोडी मेहनत पडते इतकंच.

आयोडीनचे थेंब टाकून स्टार्च उरलाय का ते पाहिलं. रंग बदलला नाही. ही चाचणी पाहायला फार आनंद होतो, पण आजच्या माल्टला तासाभराचा वेळ आणि योग्य तापमान दिलं तर निकाल जवळजवळ ठरलेलाच असतो. पीएचच्या पट्ट्यांचा उपयोग शून्य: तपकिरी द्रवात बुडवलेल्या पट्टीचा रंग कशाशी जुळवायचा? त्यापेक्षा नळाच्या पाण्याचा अहवाल पाहावा. पाणीपुरवठा करणाऱ्या नगरसंस्था तो संकेतस्थळावर फुकट ठेवतात, कार्बोनेटची जडता त्यात असते. पाणी फार जड असेल तर दुकानातून थोडं आंबट माल्ट आणून मिसळतात.

सत्तर मिनिटं हॉप्सबरोबर उकळून झाल्यावर थंड करायची वेळ आली. कूलर दिसायला साधा, पण तो नळाला जोडायचा कसा हा प्रश्न भाड्याच्या घरात खरा मोठा. नळाच्या तोंडाची जाळी काढून तिथे आटे कोणत्या मापाचे आहेत ते आधी पाहा. बहुतेक वेळा 22 किंवा 24 मिलिमीटर असतात. त्यावर बागेच्या पाइपचा जोड मिळतो, पाच-सहा युरोला. सिंकखाली छोटा गीझर असलेले कमी दाबाचे नळ असतील तर जोडूच नका. अर्ध्या तासात 20 अंश झाले. सुरुवातीचं कढत पाणी बादलीत जमवून त्यात भांडी धुतली. कूलर मला आवडतो, पण हिवाळ्यात पहिली बिअर करणाऱ्याने त्यासाठी सत्तर युरो खर्चायची गरज नाही. घट्ट झाकण लावलेली, गरम द्रव सहन करणारी बादली रात्रभर बाल्कनीत ठेवली तरी सकाळपर्यंत काम होतं.

हायड्रोमीटरने 12.2 प्लेटो दाखवले, म्हणजे 100 ग्रॅम द्रवात सव्वाबारा ग्रॅमच्या आसपास विरघळलेली साखर आणि इतर अंश. नमुना 20 अंशांवर आल्यावरच वाचायचं, काचेवर ते तापमान छापलेलं असतं. यीस्ट घातलं, झाकण लावलं. सकाळी नऊला सुरू केलेलं काम धुण्यासकट संध्याकाळी पाचला संपलं.

इथपर्यंतच्या दिवसासाठी दुकानांच्या यादीतलं नव्वद टक्के सामान असतं. आणि बिअर खरी होते ती यापुढच्या दोन आठवड्यांत.

वाइसबिअरचं यीस्ट 18 ते 22 अंशांत चांगलं काम करतं. गार राहिलं तर रेंगाळतं, जास्त तापलं तर केळ्याच्या वासाचा अतिरेक होतो आणि डोकं जड करणारी इतर अल्कोहोलंही वाढतात. आंबताना बादली स्वतःच आजूबाजूच्या हवेपेक्षा दोन-चार अंशांनी तापते, ही गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. आमच्या तळघरात 14 अंश, घरात 22. यावर मला जे सापडलं तीच ती खोक्यात घालायची वस्तू: म्यॉर्टेलक्युबेल, म्हणजे गवंडी सिमेंट कालवायला वापरतात तो काळा प्लास्टिकचा घमेल्यासारखा टब. 90 लिटरचा, बांधकामाच्या दुकानात बारा युरोला. त्यात पाणी भरून मधे बादली ठेवायची. पाण्याचं तापमान झटकन बदलत नाही. वाढलं तर फ्रीजरमधल्या गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकायच्या, कमी झालं तर थोडं कोमट पाणी. सकाळी ऑफिसला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर बघायचं. बादली 19 ते 21 च्या मधे राहिली. या टबाने बिअरच्या चवीत जेवढा फरक पडला, तेवढा दुसऱ्या कशानेच पडला नाही.

काचेचा फुगा मी वापरायला काढला आणि लगेच परत ठेवला. भरल्यावर तीस किलोच्या वर जातो, ओल्या हाताला निसटतो, आणि अरुंद तोंडातून आत हात जात नाही म्हणून धुता येत नाही. आंबणं संपल्यावर बिअर दुसऱ्या भांड्यात हलवून मुरवायची जुनी पद्धत होती, त्यासाठी तो घेत. साध्या बिअरला त्याची गरज नाही. उलट प्रत्येक हलवाहलवीत हवा आणि जंतू जायची संधी.

दुसऱ्या दिवसापासून बुडबुडे सुरू झाले. पाच-सहा दिवसांनी थांबले. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नाही, झाकण थोडं सैल असलं तरी ते थांबतात. इथे रिफ्रॅक्टोमीटर फसवतो: दोन थेंबांत वाचन मिळतं, पण अल्कोहोल तयार झालं की प्रकाश वेगळा वाकतो आणि आकडा खरा राहत नाही, गणिताने दुरुस्त करावा लागतो. बिअर उकळण्याच्या दिवशी तो सोयीचा आहे, नंतर हायड्रोमीटरच. आंबणं कुठे थांबणार हे आधी कळायचीही एक सोपी युक्ती वर्गात शिकवली होती. यीस्ट घातल्यावर एक ग्लासभर द्रव वेगळा काढून, त्यात चिमूटभर जास्त यीस्ट टाकून उबदार जागी ठेवायचा. त्याचं आंबणं दोन-तीन दिवसांत संपतं आणि शेवटचा आकडा कळतो. माझा 3.0 आला. बादली त्या आकड्याला येऊन तीन दिवस तिथेच थांबली, मगच बाटल्या काढल्या. हे टाळू नका. अर्धवट आंबलेली बिअर बाटलीत भरली तर दाब वाढून काच फुटते आणि माणसं जखमी होतात.

बाटल्यांसाठी सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे तारेच्या बुचाच्या बाटल्यांतली बिअर क्रेटने आणणं. त्या बाटलीची अनामत 15 सेंट, साध्या बाटलीची 8 सेंट, क्रेटची दीड युरो. म्हणजे अर्ध्या लिटरच्या वीस बाटल्या क्रेटसकट साडेचार युरोला हातात. त्यामुळे बुचं बसवायचं यंत्र लागलंच नाही. जुन्या रबरी चकत्या काढून नव्या घातल्या, त्या काही सेंटांना एक मिळतात. बाटली प्यायल्यावर लगेच गरम पाण्याने विसळली तर ब्रशही क्वचित लागतो. वाळलेल्या तळाला मात्र ब्रश आणि धुण्याचा सोडा दोन्ही लागतात.

8 मार्चला बाटल्या भरल्या. लिटरला साडेआठ ग्रॅम साखर, पाण्यात उकळून दुसऱ्या बादलीत घातली आणि वर बिअर हळूच सोडली. ती भरायची नळी पाच युरोची असते, टोकाला झडप. बाटलीच्या तळाला टेकवली की बिअर वाहते, उचलली की थांबते. फेस होत नाही, हवा कमी मिसळते, फरशी कोरडी राहते. त्या गृहस्थांनी ती मागच्या सीटवर का ठेवायला सांगितली ते तिसऱ्या-चौथ्या बाटलीलाच कळलं. थोडी बिअर मुद्दाम सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरली. ती दाबून बघितली की आत वायू किती झाला ते हाताला कळतं. यासाठीच दाबमापक घड्याळही मिळतं, संचात होतं, तेही मी लावलं. दोन्ही एकच गोष्ट सांगत होते, एक फुकट आणि एक पंचवीस युरोचं.

दहा दिवस घरात, मग दोन आठवडे थंड तळघरात. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी शेजाऱ्यांबरोबर पहिली बाटली उघडली. फेस पांढरा, टिकणारा, वास केळं आणि लवंगेचा. फ्रांकोनियन शेजारी बिअरबद्दल उगाच स्तुती करत नाहीत. शेजारच्या काकांनी दुसरा ग्लास पुढे केला आणि पुढची कधी करणार ते विचारलं. मला फार बरं वाटलं.

उरलेला माल्टचा चोथा इथले लोक पावात घालतात. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर घालून पाहिला. चव खमंग लागते, पण टरफलं दातात अडकतात, म्हणून आधी मिक्सरमधून काढावा.

उन्हाळ्यानंतर संचातलं न लागणारं सामान काढलं. चक्की 90 युरोला गेली, नुरेंबर्गच्या एका तरुणाने नेली, तो पोत्याने माल्ट घेतो. काचेचा फुगा 10 युरोला एका बाईंनी सफरचंदाच्या वाइनसाठी नेला. त्या शंभर युरोंत वापरलेला छोटा फ्रीज आणि तापमान सांभाळणारा प्लग आला, म्हणजे आता 10 अंशांवर आंबणारी लागरही जमते. फ्रीज तळघरात ठेवण्याआधी तिथल्या प्लगची वीज कोणाच्या मीटरवर जाते ते इमारतीच्या व्यवस्थापनाला विचारून घ्या. आमच्याकडे ती सामाईक निघाली, म्हणून महिन्याला ठरावीक रक्कम देण्याचं लेखी ठरवलं. आणि घर बदललं तर कस्टम्सला नवा पत्ता पुन्हा कळवायचा असतो, कारण नोंद माणसाबरोबर जागेचीही असते.